डोमाजीची नाव सरळ होती

शिंगाडे आले. दसरा उलटून आठ दिवस होत नाहीत तोच ब्रह्मपुरीच्या बस स्टँडबाहेर बायका टोपल्या मांडून बसतात. उकडलेले काळेकुट्ट शिंगाडे, वर ओलं फडकं. आमच्या घरी ते मी न मागता येतात. बायको बाजारातून येते, पिशवी ओसरीतल्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, "घ्या जी, नरम हायेत." मग स्वतःच सोलत बसते. तिची नखं काळी होतात, टरफलांचा ढीग वाढतो, तलावाच्या गाळाचा वास ओसरीभर होतो, आणि मी पेपरात डोकं घालून एकच ओळ चार चार वेळा वाचतो. नऊ वर्षं हेच चाललं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एका ऋतूचा इतका वैताग यावा हे काही बरं नाही. पण येतो, त्याला काय करणार?

बिचाऱ्या शिंगाड्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. ती पिशवी ज्या टेबलावर ठेवली जाते, ते टेबल मी केलं आहे. बीजाचं, म्हणजे बिबळ्याचं लाकूड, पितळी बिजागऱ्या, दोन्ही बाजूंच्या फळ्या दुमडणाऱ्या. घरच्या कुठल्याही टेबलापेक्षा ते ठेंगणं आहे. येणारा-जाणारा विचारतो, "गुरुजी, इतकं बुटकं काऊन?" मग सांगावं लागतं, की हे घरासाठी केलंच नव्हतं, शिडाच्या नावेत बसवायला केलं होतं. विचारणारा आमच्या गावचा असला की हसतो. "हो हो, ते डोमाजीची वाकडी नाव!" हे ऐकलं की मी उठून आत जातो आणि पाणी पितो. तहान नसताना माणूस किती पाणी पिऊ शकतो, हे मला या नऊ वर्षांत कळलं.

डोमाजी आमच्या गावचा ढिवर. तलावात जाळं टाकणं, शिंगाडे लावणं, काढणं, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यातच तो लहानाचा मोठा झाला. तरणेपणी चार वर्षं कोकणात मासेमारीच्या होड्यांवर राबला आणि तिकडून एक खूळ घेऊन आला. आपल्या तलावावर दिवाळीच्या सुमाराला उत्तरेचा वारा सुटतो, तो फुकट जातो, असं त्याचं म्हणणं. हलकं धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की त्या वाऱ्याला अडवायला काही राहत नाही, तो सरळ पाण्यावर उतरतो. इतकी वर्षं तो माझ्याही अंगावरून गेला होता. मला थंडी सोडून त्यात काही दिसलं नव्हतं.

डोमाजीनं अंगणातल्या चिंचेखाली सागाच्या फळ्यांची नाव बांधली. अठरा फुटी. तळाशी पाठीच्या कण्यासारखी एक उभी जाड फळी, म्हणजे शीड भरल्यावर नाव आडवी सरकत जाणार नाही. डोलकाठी बांबूची. शीड त्याच्या बायकोनं मांजरपाटाचं शिवलं आणि कोकणात करतात तसं ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलं. वाघ पाहायला येणारी माणसं इकडे वळवायची, नावेत बसवून मासोळी-भात खाऊ घालायचा, असा बेत होता. गावच्या मच्छीमार संस्थेला तो पटला. ही नाव चांगली निघाली तर तशाच आणखी दोन डोमाजीकडूनच बांधून घ्यायच्या, असंही ठरलं.

मग तो माझ्याकडे आला. मी शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला, आणि आता रिकामा.

"गुरुजी, नावेत मधात एक टेबल पायजे. लोकं बसतीन, जेवतीन. अन् शिडाची दोरी फिरवाची आली का झटकन दुमडलं पायजे."

मला इतका आनंद झाला, की तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. "पाहू," म्हणालो.

त्या महिनाभराची आठवण आली तरी अजून डोकं तापतं. लाकूड पावसाळाभर पडवीत पडलेलं, आतून ओलं. बीजाचं लाकूड पाण्यात राहिलं तर पाणी निळसर होतं. माझी बादली रोज निळी, बोटं पिवळी, आणि रंधा मारला की छिलके उडायच्याऐवजी चिकटायचे. सकाळी गुण्यात, काटकोनात बसलेला सांधा दुपारी फुगायचा. बिजागऱ्या दोनदा बदलल्या. त्यात डोमाजी रोज यायचा आणि काहीतरी शिकवून जायचा. तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाला कोणी शिकवू नये.

"गुरुजी, टेबलाले चारी बाजूनं कड लावा जी. बोटभर."

"कड परातीले असते डोमा, टेबलाले नसते."

"वारा भरला का नाव कलते. ताट काय चिकटून राहीन?"

"नाव सरळ असली तर ताट काऊन घसरन?"

तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

टेबल बसवायच्या दिवशी नाव तलावाच्या काठावर ओढून ठेवली होती. तळाशी उभी फळी असलेली नाव जमिनीवर आपल्या पायावर उभी राहत नाही. डोमाजीनं दोन्ही अंगांना दगड आणि बल्ल्यांचा टेकू दिला होता, तरी ती डावीकडे जराशी कललेली होती. मी आत उतरलो आणि खिशातून पाणसळ काढली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. तो मधोमध आला की वस्तू जमिनीशी समतल. सुतार आणि गवंडी यांचा हा देव.

डोमाजी काठावरून म्हणाला, "नावेतलं माप नावेवरून घ्या जी. जमिनीवरून नोका घेऊ. नाव काय जमिनीवर राह्याची हाये?"

हे वाक्य सोन्यासारखं होतं. मी ते ऐकलं आणि उत्तर दिलं, "पाणसळ खोटं बोलते का रे?"

बुडबुडा मधोमध आणण्यासाठी टेबलाचे डावे दोन पाय उजव्यांपेक्षा दोन बोटं उंच ठेवावे लागले. नावेच्या कडेशी ताडून पाहिलं तर टेबल तिरपं दिसत होतं. तिथेच कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. माझ्या डोक्यात वेगळंच आलं. मी म्हणालो, "डोमा, तुझ्या नावेची डावी बाजू दोन बोटं खाली झाली आहे." तो नावेभोवती फिरला. वाकून पाहिलं, लांबून पाहिलं, फळीवरून हात फिरवला.

नाव पाण्यात घातली त्या दिवशी सगळं गाव काठावर होतं. नावेच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. मानाचं पहिलं जेवण सरपंचांचं. ते पांढरी पँट घालून आले होते. शीड अजून गुंडाळलेलं होतं, वारा नव्हता, नाव काठाला दोरीनं बांधलेली. डोमाजीच्या बायकोनं स्टीलचं ताट ठेवलं. भात, वाटीत लाल रस्सा. ताट क्षणभर थांबलं, जणू विचार करत होतं, आणि मग सावकाश, अगदी सावकाश उजवीकडे निघालं. सरपंच त्याच्याकडे पाहतच राहिले. मग ते त्यांच्या मांडीवर गेलं.

"अरे बाप्पा!" काठावरून कोणीतरी ओरडलं आणि शे-दोनशे माणसं हसली.

डोमाजी म्हणाला, "नाव नाई जी, टेबल..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "टेबल पाणसळीनं बसवलं आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, वर्गात बोलायचो तसं. "नावच उजवीकडे कलते."

आठवड्यापूर्वी मी डावी बाजू खाली आहे म्हणालो होतो. आता ती उजवीकडे कलत होती. दोन्ही एकदम कसं, असं कोणी विचारलं नाही. गुरुजींना कोण विचारतं? "गुरुजी कसे चुकतीन?" असं एक म्हातारा म्हणाला, आणि विषय संपला. संस्थेच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यातच पुढच्या दोन नावा बुडाल्या.

टेबल मी तिन्हीसांजेला घरी आणलं. ओसरीत ठेवलं. ओसरीची फरशी मीच घातलेली, पाणसळ लावून, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो कुठं जाऊ म्हणून गोंधळतो. बायकोनं चहाचा कप टेबलावर ठेवला. कप उजवीकडे निघाला.

"अवो," ती म्हणाली, "हे त इथीबी वाकडंच हाये."

"ओलं लाकूड आहे. फुगलं असेल."

ती माझ्याकडे पाहत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याचं खोटं ओळखायला पाणसळ लागत नाही.

त्यानंतर जे केलं ते लिहायला मला नऊ वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेली तेव्हा मी करवत घेतली, टेबल उलटं केलं आणि डावे दोन्ही पाय दोन दोन बोटं कापले. टेबल फरशीवर अगदी सरळ बसलं. ते दोन तुकडे चुलीत टाकले. ओलं लाकूड, पेटेना, धूर झाला. ती परत आली, धूर पाहिला, चुलीत पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. पुढचे चार दिवस चहा पाण्यासारखा मिळाला.

तेव्हापासून जो येतो तो त्या टेबलावर चहा पितो आणि म्हणतो, "पाहा, गुरुजींचं काम कसं टकाटक! नावच वाकडी होती." पुरावा मी जाळला होता आणि खोटा पुरावा घरात मांडून ठेवला होता.

डोमाजीनं माझं खरं मानलं. याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. त्यानं मला चार शिव्या द्यायच्या होत्या, टेबल माझ्या दारात आपटायचं होतं. त्यानं नाव दुरुस्त करायला घेतली. आधी डाव्या अंगाला दगड ठेवून पाहिले. मग उन्हाळ्यात तलाव आटल्यावर तळाची फळी काढली, घासली, परत बसवली. जी नाव सरळ होती ती सरळ करत करत त्यानं वाकडी केली. पुढच्या वर्षी ती खरोखरच कलली आणि पाणी घेऊ लागली. त्याच्याही पुढच्या वर्षी तिच्या फळ्या नहरावर, म्हणजे कालव्यावर, पायवाटेचा पूल करायला लागल्या. मी फिरायला जाताना ती वाट टाळतो आणि लांबून जातो. गुडघे दुखतात, तरी.

या वर्षी दिवाळीआधी संस्थेचा नवा सचिव घरी आला. भला माणूस, तरुण, मोटरसायकलवर फिरणारा. टेबलावर चहा ठेवून म्हणाला, "गुरुजी, संस्थेले तीन नावा घ्याच्या हायेत. फळ्यांच्या, शिडाच्या. बाहेरून मागवून राह्यलो. इथं कोनाले सरळ बांधता येते? डोमाजीचं त पाह्यलंच आपण."

तो गेल्यावर बायको शिंगाडा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून किती पाणी पिता?"

मी चप्पल घातली.

डोमाजी तलावावरच होता. आता तो पुन्हा जुन्या डोंग्यात बसतो. वेल उलटे करून शिंगाडे तोडत होता. मला पाहून काठाला आला. हातांना काटे टोचून टोचून कातडं जाड झालेलं. मी उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. काठावरचा टेकू, पाणसळ, दोन बोटं, करवत, चूल.

"डावे पाय?" त्यानं विचारलं.

"डावे."

"अन् तुकडे जाळले."

"हो."

त्यानं पाण्यात हात धुतले. बराच वेळ धूत राहिला. "म्हंजे खालची फळी मी पंधरा दिवस घासली, ते घासाची गरज नव्हती?"

"नव्हती."

"गुरुजी, नऊ साल झाले, घराची चौकट बसवाची असली तरी मी दुसऱ्याले बोलावतो. माह्या डोळ्यावर माहाच भरवसा नाई." त्याचा आवाज चढला नाही, पण मला मागे सरकावंसं वाटलं. "मले काऊन सांगून राह्यले? तुमी माह्या कानात नव्हते बोलले. सारा काठ ऐकत होता. त्याइले सांगा."

म्हणून मी संस्थेच्या सभेला गेलो. समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, मागच्या रांगेत डोमाजी. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. टेबल कापलं हेही.

सचिव उठला, डोळ्यांत पाणी आणून. "याले म्हनतात शिक्षक! डोमाजीले काम भेटावं म्हनून या वयात गुरुजी सारं आपल्या अंगावर घेऊन राह्यले!"

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी.

"अरे बाबा, मी खरं सांगतो आहे," मी म्हणालो. "पाय मीच कापले."

"गुरुजी, तुमच्या घरी चहा पेलो आम्ही. टेबल सपाट हाये."

"कापलं म्हणून सपाट आहे!"

लोक हसले. प्रेमानं हसले, ते अधिक वाईट. "मोठं मन हाये गुरुजींचं," म्हातारा म्हणाला. तोच म्हातारा, अजून जिवंत. मी ओरडलो, "मोठं मन नाही रे, मी खोटारडा आहे!" तर टाळ्या आणखी वाढल्या. माणसांनी माझ्यावर कशाकशासाठी विश्वास ठेवला! फक्त खरं बोललो तेव्हा तेवढा ठेवला नाही. शेवटी सचिव म्हणाला, "असं करा गुरुजी, लेखी द्या. पुढच्या सभेत विषय घेऊ. तोवर बाहेरची ऑर्डर थांबवतो."

बाहेर पायऱ्यांवर डोमाजी चप्पल शोधत होता.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "खोटं बोलले तवाबी मोठे तुमीच, खरं बोलले तवाबी मोठे तुमीच. मी आपला तिथंच."

"लिहून देतो," मी म्हणालो.

"लिवा. पन तुमचं कमी लिवा. नावेचं लिवा."

वर पाहतो तर सगळं माझंच लिहिलं गेलं आहे. वैताग माझा, टेबल माझं, पश्चात्तापसुद्धा माझा. संस्थेला द्यायची प्रत मी वेगळी काढीन, चार ओळींची. इथे आता नावेचं लिहितो.

फळ्यांच्या सांध्यांत डोमाजीनं कापूस आणि राळ भरली होती, आणि पहिल्या दिवशी पाण्यात गेल्यावर आत एक थेंब आला नाही. दोन्ही अंगांची गोलाई त्यानं पट्टी न लावता, नुसत्या नजरेनं घेतली होती. सरपंचांच्या मांडीवर ताट गेलं, लोक हसले, मी बोललो, त्यानंतर त्यानं टेबल उचलून काठावर ठेवलं, दोरी सोडली आणि एकटाच पाण्यात निघून गेला. मधल्या मोकळ्या पाण्यावर त्याला वारा मिळाला. तांबूस शीड भरलं, नाव थोडी कलली, शिंगाड्याच्या वेलींना वळसा घालून धावली. मग त्यानं शीड सैल सोडलं तशी ती सावकाश उभी राहिली. पाण्यावर इतकं शांत उभं राहिलेलं दुसरं काही मी पाहिलं नाही.

वरचं वाचून वाटेल, की टेबल वाकडं असल्याचं मला घरच्या फरशीवर कळलं. तेही पूर्ण खरं नाही. पलीकडच्या काठावर नहराच्या फाटकाचा उंच लोखंडी खांब आहे, ओळंब्यात, अगदी सरळ उभा रोवलेला. नाव उभी राहिली तेव्हा डोमाजीची डोलकाठी त्याच्यासमोरून सरकत होती. सुतारकामाच्या सवयीनं मी एक डोळा मिटला. काठी आणि खांब एकमेकांवर आले, आणि क्षणभर तिथे एकच रेघ होती. मागे सगळे सरपंचांची पँट पुसण्यात गुंतले होते. पाण्याकडे दुसरं कोणी पाहत नव्हतं.

"गुरुजी, पक्कं ना?" सरपंचांनी मागून विचारलं. "नावच वाकडी?"

मी मिटलेला डोळा उघडला, त्यांच्याकडे वळलो आणि हो म्हणालो.